मेजबान लिनक्स, मेहमान विंडोज



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा थांबवला. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलला आहे. पूर्वी वाचक विचारायचे, ‘सर, कोणता लॅपटॉप घ्यावा?’ आता विचारतात, ‘सर, आहे त्या लॅपटॉपचं काय करू?’

प्रश्न रास्त आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसरही ठराविक यादीतला लागतो. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. म्हणजे २०१५-१६ साली हप्त्यांवर घेतलेला, आजही व्यवस्थित चालणारा लॅपटॉप कागदोपत्री म्हातारा ठरला. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षेची एक वाढीव योजना ठेवली आहे, पण तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६. वर्षभराने प्रश्न पुन्हा दारात उभा राहणारच.

आपल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात हा प्रश्न घराघरात आहे. इथे मोठ्या गाडी कंपन्यांची नावे सगळ्यांना माहीत असतात, पण त्यांना लागणारा छोटा-छोटा माल बनतो पत्र्याच्या शेडमध्ये. दोन लेथ, एक व्हीएमसी, पाच-सात कामगार आणि कोपऱ्यात धुळीने माखलेला एक लॅपटॉप. त्यातच बिले, त्यातच टॅली, त्यातच ड्रॉइंग. संध्याकाळी तोच लॅपटॉप घरी येतो आणि मुलांच्या प्रोजेक्टला लागतो. दुसरे घर उर्दू शाळेतल्या बाजींचे. त्यांनी दहा-बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, निबंध आणि नात-हम्दच्या स्पर्धांचे कागद इनपेजमध्ये टाइप करून ठेवलेले असतात. तिसरे घर डिप्लोमा करणाऱ्या पोराचे. त्याला कॉलेजने सांगितलेले सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते.

या तिघांपुढे सहसा दोनच वाटा ठेवल्या जातात. एक, नवा लॅपटॉप घ्या. दुसरी, ‘तीनशे-चारशे रुपयांत सगळं टाकून देतो’ म्हणणाऱ्याकडे जा. पहिल्या वाटेला पैसे लागतात आणि ते वर्ष मुलीच्या फीचे किंवा घरातल्या लग्नाचे असू शकते. दुसऱ्या वाटेबद्दल पुढे बोलूच. आज मला तिसरी वाट सांगायची आहे. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवा आणि ज्या एक-दोन कामांना विंडोज लागतेच, तेवढ्यापुरते विंडोज लिनक्सच्या आत चालवा.

आधी लिनक्सची ओळख

विंडोज ही जशी कॉम्प्युटर चालवणारी एक प्रणाली, तशीच लिनक्स ही दुसरी. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. आज जगभरचे हजारो लोक त्यात भर घालतात. नाव परके वाटत असले तरी वस्तू परकी नाही. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सचाच गाभा आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुले कित्येक वर्षांपासून लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकत आहेत. पुण्यातल्या सी-डॅक या संस्थेचे नाव आपण ऐकलेले असते. त्या संस्थेने ‘बॉस’ नावाचे भारतीय लिनक्सही काढले आहे.

नव्या माणसाला मी लिनक्स मिंट किंवा उबुंटू सुचवतो. दोन्ही मोफत आहेत. कायद्यानेही मोफत आहेत आणि नातेवाइकांना वाटायलाही परवानगी आहे. पेन ड्राइव्हवर घेऊन, लॅपटॉपमध्ये काहीही न बसवता, आधी नुसते चालवूनही बघता येते.

हे काम विंडोजशिवाय होते का?

लिनक्सवर जाण्यापूर्वी एका कागदावर आपली कामे लिहून काढा. समोर लिहा, ‘हे ब्राउझरमध्ये होते का?’ बरीचशी यादी इथेच संपते. बँक, जीएसटीचे पोर्टल, शाळेचे यू-डायस, वीजबिल, मुलांचे व्हिडिओ, ई-मेल हे सगळे लिनक्सवरच्या ब्राउझरमध्ये चालते. पत्रे आणि हिशेबाचे तक्ते यांसाठी लिबरऑफिस मोफत आहे. वर्ड आणि एक्सेलच्या फायली त्यात उघडतात. मांडणी गुंतागुंतीची असेल तर थोडी इकडेतिकडे होते, साध्या पत्राला अडचण येत नाही.

आता उरते ते खरे अडलेले काम. टॅली विंडोजसाठीच बनते. ऑटोकॅडची लिनक्स आवृत्ती नाही. आणि बाजींचे इनपेज.

इनपेजबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण हा आपल्या घरांचा प्रश्न आहे. उर्दूची नस्तालीक लिपी तिरकी उतरत जाते. अक्षर शब्दात कुठे आले यावर त्याचे रूप आणि उंची दोन्ही बदलतात. म्हणून वर्तमानपत्रेसुद्धा कितीतरी वर्षे कातिबांच्या हाताने लिहून छापली जात. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो शब्दखंड हाताने लिहून मोनोटाइप कंपनीबरोबर नूरी नस्तालीक तयार केले आणि १९८० च्या दशकात उर्दू छपाई कॉम्प्युटरवर आली. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज आणले आणि ती सोय साध्या टेबलावरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचली. पण इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. तो दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये चिकटवला की नुसत्या खुणा दिसतात. मराठीत श्री-लिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फायलींचे हेच होते. म्हणजे प्रोग्रॅम गेला की वर्षानुवर्षांची मेहनत कुलुपात अडकली. आपला मजकूर आपल्यालाच वाचता येऊ नये, यापरते नुकसान कोणते?

वाइन आणि व्हीएम

अशा अडलेल्या कामासाठी दोन उपाय आहेत.

पहिला उपाय वाइन. नाव ऐकून घाबरू नका, हा एक मोफत प्रोग्रॅम आहे. १९९३ पासून त्याचे काम चालू आहे. विंडोजचा प्रोग्रॅम विंडोजच्या भाषेत काही मागतो, ‘ही फाइल उघड, ही चौकट काढ.’ वाइन ती मागणी लिनक्सच्या भाषेत करून देते. थोडक्यात, वाइन हा दुभाष्या आहे. त्यासाठी विंडोज लागत नाही, लायसन्सही लागत नाही. छोटे, साधे प्रोग्रॅम पुष्कळदा असे चालून जातात. पण दुभाष्याला प्रत्येक शब्द येईलच असे नाही. काही प्रोग्रॅम अर्धे चालतात, काही उघडतच नाहीत. अर्धा तास देऊन बघावे. जमले तर अल्हम्दुलिल्लाह, पुढचा खटाटोप वाचला.

दुसरा उपाय व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम. आपल्या भागात व्हीएम म्हटले की पुढचा सी आपोआप तोंडात येतो, पण हे वेगळे. व्हीएम म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. त्याला स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क, स्वतःचा पडदा असतो. त्यात विंडोज बसवले की विंडोजला वाटते आपण खऱ्याच मशीनवर आहोत. आपल्याला मात्र ते लिनक्सच्या पडद्यावर एका खिडकीत दिसते.

या विद्येत बाहेरच्या कॉम्प्युटरला होस्ट आणि आतल्याला गेस्ट म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी याहून सुंदर शब्द आहेत, मेजबान आणि मेहमान. लिनक्स मेजबान, विंडोज मेहमान. सगळे समजायला ही जोडी पुरेशी आहे. मेहमानाला खोली द्यायची, जेवण द्यायचे, पण तिजोरीची किल्ली द्यायची नाही.

कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्येच व्हीएम/३७० नावाने ती मोठ्या मशीनवर बाजारात आणली. एक महागडे मशीन अनेकांना वाटून द्यायचे आणि प्रत्येकाला वाटावे की ते आपले एकट्याचे आहे. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने तीच सोय साध्या कॉम्प्युटरवर दिली. आज ज्याला आपण क्लाउड म्हणतो, तो बहुतांश असाच चालतो. एका मशीनवर अनेक मेहमान.

काय लागते?

घरगुती कामासाठी मी व्हर्च्युअलबॉक्स सुचवतो. जर्मनीच्या इनोटेक कंपनीने ते बनवले, २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी घेतली आणि २०१० मध्ये सन स्वतः ओरॅकलकडे गेली. मूळ प्रोग्रॅम खुला आणि मोफत आहे. त्याबरोबर ‘एक्स्टेन्शन पॅक’ नावाची वेगळी पुरवणी मिळते. ती घरगुती आणि शैक्षणिक वापराला मोफत, पण धंद्याला लायसन्स लागते. वर्कशॉपवाल्या भाईंनी ही पुरवणी टाकूच नये. आवृत्ती ७.० पासून यूएसबी २ आणि ३ ची सोय मूळ प्रोग्रॅममध्येच आली आहे, त्यामुळे तिच्यावाचून अडत नाही.

मेमरी ८ जीबी हवी. त्यातली जास्तीत जास्त निम्मी मेहमानाला द्यावी. मेजबानच उपाशी राहिला तर दोघेही रखडतात. लॅपटॉपमध्ये ४ जीबीच असेल तर आधी मेमरी वाढवा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवा. हे दोन बदल नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या मानाने अगदी थोडक्यात होतात आणि मशीनची चाल बदलून जाते.

डिस्कवर ६० ते ७० जीबी जागा मोकळी हवी.

प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू हवी. विंडोज अजून लॅपटॉपवर असतानाच हे तपासा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात सीपीयू, तिथे खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ समोर काय लिहिले आहे ते पाहा. बंद असेल तर बायोसमध्ये जाऊन चालू करता येते. एएमडीच्या मशीनवर तिथे एसव्हीएम असे नाव दिसते.

बसवायची रीत

क्रम चुकवू नका. पहिले काम, सगळ्या फायलींची बाहेरच्या डिस्कवर प्रत. प्रत घेतली म्हणजे पुरे नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवर चार-पाच फायली उघडून बघा. टॅलीचा डेटा, लायसन्सचे कागद, पासवर्ड हे सगळे वेगळे लिहून ठेवा. मगच लिनक्स बसवा.

लिनक्स बसल्यावर त्याच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून व्हर्च्युअलबॉक्स घ्या. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते आणि मशीन पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर तोच विचारला जातो. पुष्कळ जण इथे गोंधळतात. तो पासवर्ड कागदावर लिहून ठेवा.

मग ‘न्यू’ दाबून नवे मशीन तयार करा. मेमरी ४ जीबी, डिस्क ६० ते ६५ जीबी. डिस्क ‘डायनॅमिक’ ठेवली की जेवढा वापर, तेवढीच जागा ती खाते. विंडोजची आयएसओ फाइल मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. विंडोज बसल्यावर ‘गेस्ट अ‍ॅडिशन्स’ टाका. त्याने पडदा नीट मावतो, दोन्हीकडे कॉपी-पेस्ट चालते आणि शेअर्ड फोल्डर मिळतो.

शेअर्ड फोल्डर फार कामाचा. तो लिनक्समध्ये असतो आणि विंडोजच्या आतूनही दिसतो. आपल्या खऱ्या फायली तिथे ठेवा, मेहमानाच्या पोटात नको. मेहमानाची सगळी डिस्क म्हणजे लिनक्समधली एकच भलीमोठी फाइल असते. ती बिघडली तर आतले सगळे गेले. बाहेर ठेवलेले मात्र वाचते. मेहमानाचीही प्रत घ्यायची असेल तर त्याला नीट शटडाऊन करून ती फाइल कॉपी करा.

आणखी एक सोय म्हणजे स्नॅपशॉट. काही नवे टाकण्यापूर्वी एक बटण दाबून आजची स्थिती नोंदवायची. बिघडले तर दुसऱ्या बटणाने परत तिथेच. खऱ्या मशीनवर ही मुभा सहज मिळत नाही. मुलांना शिकायला तर ही उत्तम जागा आहे, कारण हात लावायची भीती राहत नाही.

जीएसटीसाठी सहीचे यूएसबी टोकन किंवा एखाद्या सॉफ्टवेअरचे डोंगल असेल, तर डिव्हाइसेस मेनूमधून ते मेहमानाकडे सोपवता येते. त्यासाठी लिनक्समध्ये आपले नाव ‘व्हीबॉक्सयूझर्स’ या गटात घालावे लागते. ते न केल्याने यूएसबीची यादी रिकामी दिसते आणि माणूस प्रोग्रॅमला दोष देत बसतो. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर जीएसटी रिटर्न ओटीपीनेही भरता येते, तिथे टोकनची गरजच नाही.

जुने विंडोज, बंद दार

पुष्कळांना एक शंका येते. पाठिंबा संपलेले जुने विंडोजच आत बसवले, तर काय मिळवले?

उत्तर इंटरनेटच्या दारात आहे. जुन्या विंडोजला धोका मुख्यतः बाहेरून येतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची खूण काढून टाका. आता मेहमान आतल्या खोलीत आहे आणि त्या खोलीला रस्त्याकडे दार नाही. बँक, मेल, ब्राउझर ही बाहेरची सगळी कामे मेजबान लिनक्स करतो, त्याला सुरक्षेचे अपडेट वेळच्या वेळी मिळत असतात. बाजींचे इनपेज, जुन्या ड्रॉइंगचा एखादा प्रोग्रॅम, एवढ्यासाठी मेहमानाला इंटरनेट लागतच नाही. तयार कागद पीडीएफ करून शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायचा आणि लिनक्समधून पाठवायचा.

पण ‘व्हीएममध्ये व्हायरस येत नाही’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह आत लावला तर विषाणू येतो, आणि शेअर्ड फोल्डरमधल्या फायलींपर्यंतही पोहोचतो. म्हणून त्या फोल्डरची आठवड्याला एक प्रत बाहेर ठेवाच.

लायसन्सची गोष्ट

आता त्या तीनशे-चारशे रुपयांबद्दल. मायक्रोसॉफ्टच्या अटींनुसार एक लायसन्स एका उपकरणासाठी असते आणि व्हर्च्युअल मशीन हेही एक उपकरणच धरले जाते. लॅपटॉपबरोबर आलेले लायसन्स त्या लॅपटॉपलाच बांधलेले असते, ते आत नेता येत नाही. वेगळे विकत घेतलेले पूर्ण लायसन्स असेल, तर जुन्या जागेवरून काढून नव्या जागी लावता येते. विकत घेताना बिल मागा. बिल न देणाऱ्याची किल्ली कुठून आली, हे त्यालाही सांगता येत नाही.

नुसते शिकायचे, पारखायचे असेल तर मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ एंटरप्राइझची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती मोफत देते. व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून टीपीएमची आभासी चिपही मिळते. तेवढ्या काळात आपला प्रोग्रॅम आत नीट चालतो की नाही हे कळते. पैसे त्यानंतर खर्च करावेत.

चोरीच्या विंडोजचा एक तोटा व्यवहाराचा आहे. क्रॅक चालवताना सहसा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे चौकीदाराला सुट्टी देऊन अनोळखी माणसाला घरात घ्यायचे आणि त्याच घरात टॅलीचा हिशेब ठेवायचा. दुसरा तोटा नियतीचा. दिवसभर मशीनवर उभे राहून कमावलेल्या हलाल कमाईचा हिशेब आपण दुसऱ्याच्या हक्कावर हात मारून ठेवायचा का? आपल्या जॉबवर्कचे पैसे कोणी बुडवले तर आपल्याला जसे वाटते, तसेच ते आहे. इथे तर मोफत आणि जायज पर्याय समोर आहे. मुले आपले बोलणे कमी ऐकतात, आपण काय करतो ते जास्त बघतात.

कुठे जमत नाही

व्हीएम म्हणजे सगळ्यावर इलाज नाही. जड थ्रीडी डिझाइन, मोठे मॉडेल, गेम हे आत रखडतात, कारण ग्राफिक्स कार्डाची पूर्ण ताकद मेहमानाला मिळत नाही. घरबसल्या ऑनलाइन परीक्षेची काही सॉफ्टवेअर व्हीएम ओळखतात आणि चालायला नकार देतात. मुलाची परीक्षा असेल तर आठवडाभर आधी खात्री करा आणि गरज पडली तर एक दिवस नातेवाइकांचा लॅपटॉप मागून आणा. सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवणारा कॉम्प्युटर असेल, तर चालू उत्पादनाच्या दिवशी त्याला हात लावू नका. सुट्टीच्या दिवशी, टाकाऊ जॉबवर चाचणी घ्या. जुनी व्यवस्था शाबूत ठेवून नवी शेजारी उभी करा. ड्रॉइंग नुसते बघण्यापुरते हवे असेल तर लिनक्सवर लिबरकॅड आणि फ्रीकॅड मोफत आहेत, पण ग्राहक कंपनीला ऑटोकॅडचीच फाइल हवी असेल तर तिची अट पाळावी लागेल.

बाजींसाठी शेवटचा सल्ला थोडा वेगळा आहे. मेहमान कायमचा ठेवायचा नसतो. इनपेज आत चालू झाले की दर जुम्याला किंवा रविवारी चार-पाच जुन्या फायली काढा. इनपेजच्या नव्या आवृत्तीत मजकूर युनिकोडमध्ये बाहेर काढता येतो. तो लिबरऑफिसमध्ये ठेवा आणि नोटो नस्तालीक उर्दू हा मोफत फॉन्ट लावा. काही शब्द तपासावे लागतील, जेर-जबर सरकलेले असतील. घरातल्या मुलीला शेजारी बसवा. तिची उर्दूही सुधारेल आणि अम्मीची बारा वर्षांची मेहनत तिच्या फोनवरही वाचता येईल. वर्षभरात काम पुरे झाले की मेहमानाला खुदा हाफिज म्हणायला हरकत नाही.

पुढच्या महिन्यात लिनक्सवर उर्दू आणि मराठी दोन्ही कीबोर्ड एकत्र कसे लावायचे, ते इन्शाअल्लाह पाहू. तोवर पहिले काम एवढेच करा. कागद घ्या, आपल्या कामांची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा, विंडोज खरेच लागते का.